रिपोर्टात ‘रिफ्लक्स आढळला’, म्हणजे नेमकं काय निघालं?

रात्री साडेदहाला बहिणीने एका रिपोर्टचा फोटो पाठवला. साडेतीन महिन्यांच्या भाच्याचा मिल्क स्कॅन झाला होता आणि शेवटी ठळक अक्षरांत निष्कर्ष होता : गॅस्ट्रोइसोफेजिअल रिफ्लक्स आढळला. खाली तिचा एका ओळीचा मेसेज : ‘म्हणजे आजार निघाला ना?’

मी उलट विचारलं, ‘वजन किती भरलं?’

तिला राग आला. एवढी मोठ्या मशीनवरची तपासणी झाली आणि हा वजन काय विचारतो! पण वैद्यकीय मजकूर सोपा करून लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. त्यामुळे तान्ह्या बाळांच्या रिफ्लक्सच्या, म्हणजे जठरातलं दूध वर येण्याच्या, तपासण्यांबद्दल एक गोष्ट पक्की ठाऊक होती. यातली कुठलीच तपासणी एकटी ‘आजार आहे’ किंवा ‘नाही’ असं सांगत नाही. प्रत्येक तपासणी एका ठरावीक प्रश्नाचं उत्तर देते. प्रश्न कोणता होता हेच माहीत नसेल, तर हातात आलेल्या उत्तराचं करायचं काय?

आधी बाळ दूध का टाकतं ते पाहू. घशातून पोटाकडे जाणारी अन्ननलिका जठराला मिळते, त्या जागी स्नायूचं एक कडं असतं. पिशवीच्या नाडीसारखं ते एरवी आवळलेलं असतं आणि घोट खाली आला की सैल होतं. ‘बाळाची झडप कच्ची असते’ असं आपल्याकडे सर्रास सांगतात, पण ते अर्धंच खरं आहे. हे कडं घोट नसतानाही मधूनमधून काही सेकंद सैल पडतं. मोठ्या माणसांतही पडतं, ढेकर त्याच वाटेने येते. फरक पडतो तो बाकीच्या परिस्थितीमुळे. बाळाची अन्ननलिका वीतभरही नसते, दिवसाचा बहुतेक वेळ ते आडवं असतं आणि त्याचा सगळा आहार पातळ असतो. शिवाय तो आहार किती? साधारणपणे दर किलो वजनामागे दिवसाला १५० मिलिलिटर दूध. हाच हिशेब ६० किलोच्या माणसाला लावला तर त्याने दिवसभरात ९ लिटर दूध प्यायला हवं, आणि तेही बरंचसं आडवं पडून. मग खांद्यावर टाकलेल्या पंचाची दशा काय होईल, याची कल्पना करा.

शिकागो परिसरातल्या ९४८ बाळांच्या पालकांना विचारून केलेली एक पाहणी १९९७ साली प्रसिद्ध झाली. तीन महिन्यांपर्यंतच्या बाळांपैकी निम्मी बाळं दिवसातून एकदा तरी दूध टाकत होती. चौथ्या महिन्यात हे प्रमाण ६७ टक्क्यांवर गेलं, आणि दहा ते बारा महिन्यांच्या बाळांत ते ५ टक्के उरलं. म्हणजे चार महिन्यांच्या तीन बाळांपैकी दोन बाळं रोज गुळणी टाकतात. आता अशा वयाच्या बाळाला यंत्राखाली झोपवून ‘रिफ्लक्स आढळला’ असं लिहून देणं म्हणजे पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गावर खड्डा आढळला असं लिहून देण्यासारखं आहे. खोटं नाही, पण त्यातून नवीन कळलं काय?

जठरातलं दूध वर येणं हा रिफ्लक्स. त्यामुळे बाळाला इजा होऊ लागली, वजन खुंटलं, अन्ननलिकेला जखमा झाल्या, दूध श्वासनलिकेत जाऊ लागलं, दूध पिणंच नकोसं झालं, तर तो रिफ्लक्सचा आजार. डॉक्टरांच्या कागदावर पहिला ‘जीईआर’ असतो आणि दुसरा ‘जीईआरडी’. एका अक्षराचा फरक आहे आणि सगळा घोळ त्या अक्षरात आहे. बहुतेक यंत्रांना पहिला दिसतो, आपल्याला जाणून घ्यायचा असतो दुसरा.

म्हणून वजन. पहिल्या तीन महिन्यांत बाळ दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅमने वाढतं आणि पाचव्या महिन्याच्या आसपास जन्माच्या वेळचं वजन दुप्पट होतं. भाचा जन्मला तेव्हा २ किलो ९०० ग्रॅम होता, त्या दिवशी ६ किलो १००. लसीकरणाच्या कार्डात मागच्या पानांवर वजनाचा आलेख असतो. अंगणवाडीत किंवा दवाखान्यात तो भरून देतात आणि आपण ते कार्ड पुढच्या लसीपर्यंत कपाटात ठेवून देतो. त्या आलेखावर बाळाचा ठिपका आपल्या रेषेला धरून वर चढत असेल, तर ओकलेलं दूध दिसतं त्याहून बरंच कमी आहे असं समजायला हरकत नाही. दोन चमचे दूध दुपट्यावर पसरलं की वाटीभर वाटतं. शंका असेल तर दोन चमचे पाणी कपड्यावर ओतून पाहा.

यानंतरची तपासणी म्हणजे डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न. दूध किती वेळाने येतं, वाहत येतं की फेकलं जातं, रंग कोणता, उलटीनंतर बाळ हसतं की कळवळतं, वरचं दूध असेल तर पावडरीचं प्रमाण काय. चांगला बालरोगतज्ज्ञ आईला समोर बसवून बाळाला दूध पाजायला सांगतो आणि बघत राहतो. त्यासाठी लागतो तो फक्त वेळ, आणि गर्दीच्या ओपीडीत नेमका तोच नसतो. मग वेळेच्या जागी तपासणीची चिठ्ठी येते.

इथे एक इशारा मात्र स्पष्ट द्यायला हवा, कारण ‘बाळं टाकतातच दूध’ या वाक्याच्या आड कधीकधी भलतंच काही लपलेलं असतं. उलटी हिरवी असेल तर सकाळची वाट पाहू नका. हिरवा रंग पित्ताचा असतो आणि तान्ह्या बाळात त्याचा अर्थ आतड्याला पीळ पडला असाही निघू शकतो. पीळ पडलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटतो आणि प्रश्न तासांचा होऊन बसतो. उलटीत रक्त, पोट फुगलेलं, ताप, बाळ मलूल, टाळू वर आलेली, झटके, किंवा सहा महिन्यांनंतर नव्यानेच सुरू झालेल्या उलट्या, या गोष्टींनाही रिफ्लक्स म्हणून घरी बसायचं नाही.

अशा वेळी ज्या तपासण्या होतात त्या रिफ्लक्स शोधायला नसतातच. ‘रिफ्लक्स सोडून दुसरं काही आहे का?’ हा त्यांचा प्रश्न असतो. तीन ते सहा आठवड्यांचं बाळ, दर वेळी पाजल्यावर दूध कारंज्यासारखं लांब उडतं आणि लगेच पुन्हा भुकेलं होऊन रडतं, हे चित्र जठराच्या खालच्या तोंडाचा स्नायू जाड झाल्याचं आहे. तिथे सोनोग्राफी उत्तम काम करते. स्नायूची जाडी ३ मिलिमीटर किंवा जास्त निघाली की निदानाची खात्री वाढते आणि छोट्या शस्त्रक्रियेने बाळ बरं होतं. हीच सोनोग्राफी ‘रिफ्लक्स किती वेळा झाला’ हे मोजायला वापरली, तर मात्र हाती विशेष काही लागत नाही. साध्या लघवीच्या तपासणीचंही असंच. लघवीच्या मार्गातल्या जंतुसंसर्गानेही बाळ ओकतं आणि ही तपासणी सगळ्यात स्वस्त. तिचा विचार आधी व्हायला हवा असं मला वाटतं.

बेरियमच्या एक्स-रेची गोष्ट याच घरातली. बाळाला पांढरं औषध पाजतात आणि ते अन्ननलिका, जठर, आतड्याची सुरुवात असं कसं पुढे जातं ते एक्स-रेच्या पडद्यावर बघतात. अन्ननलिका कुठे अरुंद आहे का, आतड्याची ठेवण बरोबर आहे का, जठराचा भाग छातीत सरकलाय का, हे त्यात छान दिसतं. पण बघण्याचा वेळ मोजक्या मिनिटांचा. त्या मिनिटांत निरोगी बाळाचंही दूध वर येऊ शकतं आणि आजारी बाळाचं येणार नाही असंही होतं. म्हणजे नकाशा बघायला हे योग्य, रहदारी मोजायला निरुपयोगी.

आता बहिणीच्या हातातला मिल्क स्कॅन. आपल्याकडच्या मोठ्या शहरांत तो बऱ्यापैकी लिहून दिला जातो. दुधात टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ अगदी थोडा मिसळतात, बाळाला पाजतात आणि गॅमा कॅमेऱ्याखाली निजवून अर्धा-एक तास चित्रं घेतात. दूध वर आलं की पडद्यावर अन्ननलिकेच्या जागी ठिपके उजळतात. किरणांचं प्रमाण कमी असतं, त्याची धास्ती नको. जठर किती वेगाने रिकामं होतं हे त्यात कळतं, आणि पुढच्या काही तासांत पुन्हा छातीची चित्रं घेतली तर दूध फुप्फुसात गेलं का याचाही मागमूस कधीकधी लागतो. वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या बाळाच्या बाबतीत हा प्रश्न महत्त्वाचा असतो. पण पोटभर दूध पाजून बाळाला आडवं निजवायचं आणि वर ‘दूध वर येतं का’ हे बघायचं! उत्तर ‘हो’ आलं तर नवल नाही. युरोप आणि उत्तर अमेरिकेतल्या बालपोटविकार तज्ज्ञांच्या दोन संघटनांनी मिळून २०१८ साली मार्गदर्शक सूचना काढल्या. रिफ्लक्सच्या आजाराचं निदान करण्यासाठी बेरियम, सोनोग्राफी आणि हा स्कॅन वापरू नये, असं त्यांत म्हटलं आहे.

मग खरी मोजणारी तपासणी कोणती? इथे गोष्ट रंगत जाते.

पहिली कल्पना साधी होती. जठरात आम्ल असतं, ते अन्ननलिकेत आलं की तिथला पीएच, म्हणजे आंबटपणा मोजणारा आकडा, उतरतो; आम्ल जितकं जास्त तितका हा आकडा कमी. मग नाकातून एक बारीक तार अन्ननलिकेत सोडायची, टोकाला पीएच मोजणारा सेन्सर लावायचा आणि २४ तास नोंद घ्यायची. पीएच ४ च्या खाली गेला की तो आम्लाचा रिफ्लक्स धरायचा. तार किती आत सरकवायची याला सूत्रही आहे : बाळाची लांबी सेंटिमीटरमध्ये घ्या, ०.२५२ ने गुणा, ५ मिळवा. नाकपुडीपासून त्या कड्यापर्यंतचं हे अंतर झालं. ६० सेंटिमीटरच्या बाळात ते जेमतेम २० सेंटिमीटर भरतं. तार कड्याला टेकवायची नसते म्हणून याच्या ८७ टक्के, म्हणजे साडेसतरा सेंटिमीटरवर ती थांबवतात आणि एक्स-रे काढून जागा तपासतात. एवढ्याशा देहात दोन सेंटिमीटर इकडेतिकडे झाले तर सगळी नोंद चुकते.

पण ‘नॉर्मल’ म्हणजे किती? १९९१ साली बेल्जियममधल्या डॉक्टरांनी ५०९ निरोगी बाळांच्या अशा नोंदी प्रसिद्ध केल्या. काही तक्रार नसलेल्या या बाळांतही अन्ननलिका आम्लात असण्याचा वेळ दिवसाच्या सुमारे १० टक्क्यांपर्यंत जात होता. म्हणजे जवळजवळ अडीच तास, आणि तरी बाळ ठणठणीत!

दुसरी अडचण दुधाचीच. पाजल्यानंतर जठरातलं आम्ल दुधात मिसळून सौम्य होतं आणि पीएच ४ च्या वर जातो. बाळं दूध टाकतात ती बहुतेक याच वेळात. ज्या क्षणी दुपट्यावर दूध सांडतं, त्या क्षणी तारेला काहीच जाणवत नाही. दर दोन-तीन तासांनी पिणाऱ्या बाळाच्या दिवसातला मोठा भाग अशा आंधळ्या वेळात जातो.

या अडचणीवर १९९१ मध्येच जर्मनीत यिरी सिल्नी या संशोधकाने वेगळा मार्ग मांडला. आम्ल मोजू नका, विजेला होणारा अडथळा मोजा. तारेवर थोड्या थोड्या अंतराने धातूची कडी बसवायची आणि शेजारशेजारच्या कड्यांमधून अगदी क्षीण प्रवाह सोडायचा. द्रव आला की वीज सहज वाहते, अडथळा घटतो. हवा आली की वाढतो. अडथळा वरून खाली घटत गेला तर बाळाने घोट घेतला, खालून वर घटत गेला तर रिफ्लक्स झाला. किती उंच चढला तेही कळतं आणि ढेकर होती की दूध, तेही. याच तारेत पीएचचा सेन्सरही असतो, त्यामुळे वर आलेला द्रव आंबट होता की नाही हेही नोंदवलं जातं. या जोड तपासणीला पीएच-इम्पिडन्स म्हणतात. आज उपलब्ध असलेल्यांत ही सगळ्यात बारकाईची.

तरीही तिचं उत्तर ‘इतके रिफ्लक्स म्हणजे आजार’ असं सरळ येत नाही. निरोगी तान्ह्या बाळांच्या नाकात दिवसभर तार ठेवून प्रमाण ठरवणं आज कुठल्या पालकाला आणि नीतिसमितीला पटेल? त्यामुळे या तपासणीचं खरं बळ आकड्यात नाही, वहीत आहे. त्या २४ तासांत आईने किंवा आजीने बाळाजवळ बसून सगळं टिपायचं असतं : केव्हा पाजलं, केव्हा झोपलं, केव्हा खोकलं, केव्हा कमान करून रडलं. यंत्रावर बटणंही असतात. मग संगणकावर दोन्ही नोंदी शेजारी ठेवून बघतात की दुपारी तीन दहाला बाळ कळवळलं त्याच्या दोन मिनिटं आधी रिफ्लक्स झाला होता का, आणि असं पुन्हा पुन्हा घडतं का. बाळ श्वास रोखतं, निळसर पडतं, मान वाकडी करून ताठतं आणि झटके आहेत की रिफ्लक्स हे ठरत नाही, तेव्हा हीच तपासणी वाद मिटवते. वही अर्धवट भरली असेल, किंवा घड्याळ यंत्राशी जुळवलं नसेल, तर हजारो रुपये खर्चून आलेला आलेख म्हणजे नुसत्या नागमोडी रेघा. नर्सने एकदा सांगून निघून जाण्याची ही गोष्ट नव्हे, पण बहुधा तसंच होतं.

दुर्बिणीच्या तपासणीबद्दल थोडक्यात सांगता येईल. भूल देऊन अन्ननलिका आतून बघतात आणि कण काढून तपासायला पाठवतात. जखमा किंवा ॲलर्जीची सूज आहे का, हा तिचा प्रश्न. साध्या दूध टाकणाऱ्या बाळाला ती लागत नाही.

आता एक ‘तपासणी’ अशी, जिला कुणी तपासणी म्हणत नाही. ‘दोन आठवडे ॲसिडिटीचं औषध देऊन बघू. फरक पडला तर रिफ्लक्स होता असं समजू.’ ऐकायला व्यवहारी वाटतं. मोठ्या मुलांत, छातीत जळजळतं असं जे सांगू शकतात त्यांच्यात, डॉक्टर असं ठरावीक मुदतीसाठी करतातही. तान्ह्यांत मात्र हा तर्क कोसळतो, आणि तो कोसळताना मोजला गेला आहे. २००९ साली अमेरिकेतल्या सुझन ओरेनस्टीन आणि सहकाऱ्यांचा १६२ बाळांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना लॅन्सोप्रॅझोल हे आम्ल कमी करणारं औषध दिलं, निम्म्यांना तसंच दिसणारं पण औषध नसलेलं. चार आठवड्यांत औषधवाल्या ५४ टक्के बाळांचं रडणं-कुरकुरणं कमी झालं. आणि दुसऱ्या गटात? तिथेही ५४ टक्के. गंभीर त्रास मात्र औषधवाल्या गटात १० बाळांना झाला, दुसऱ्या गटात दोघांना. त्यात छातीचे जंतुसंसर्ग ठळक होते.

याचा अर्थ औषध बिनकामाचं असा नाही. अन्ननलिकेला खरंच जखमा असतील तर ते हवंच. पण बाळाचं रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला जातं आणि मग आपोआप उतरू लागतं. त्या उतरणीवर तुम्ही काहीही दिलंत, औषध, ग्राइप वॉटर, दृष्ट काढलीत, तरी ‘लागू पडलं’ असंच वाटणार. आमच्या घरी ते श्रेय बाळगुटीला गेलं होतं.

देऊन बघण्याचा एक प्रकार मात्र मार्गदर्शक सूचनांनाही मान्य आहे, तो म्हणजे गाईच्या दुधातलं प्रथिन थांबवून बघणं. त्या प्रथिनाची ॲलर्जी हुबेहूब रिफ्लक्ससारखी दिसते, आणि कुठलाच स्कॅन ती दाखवत नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाच्या आईने दोन ते चार आठवडे दूध, दही, ताक, पनीर, पेढे बंद करायचे. म्हशीचं दूधही बंद, कारण प्रथिनं जवळपास तशीच. वरचं दूध असेल तर डॉक्टर वेगळी पावडर देतात. बाळ सुधारलं तर तेवढ्यावर थांबायचं नसतं. डॉक्टरांना विचारून दूध पुन्हा सुरू करून बघायचं आणि त्रास परत आला तरच निदान पक्कं धरायचं. ही दुसरी पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. मग बाळंतीण वर्षभर दुधावाचून राहते, कधी विनाकारण.

बहिणीला मी तेव्हा एवढंच म्हटलं की उद्या डॉक्टरांकडे जाशील तेव्हा रिपोर्टबरोबर वजनाचं कार्ड ने, आणि मोबाइलवर दोन व्हिडिओ काढून ने : एक दूध पितानाचा, एक ‘तो तसं करतो ना’ तेव्हाचा. दवाखान्यात बाळ तसं कधीच करत नाही. उलटीच्या रंगाची शंका असेल तर दुपटं धुण्याआधी उजेडात त्याचा फोटो घे. आणि तोवर त्याला पाठीवरच झोपव, कुणी काहीही सांगितलं तरी पालथं नको.

डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि कार्ड उघडलं, असं तिने संध्याकाळी फोन करून सांगितलं. मग त्यांनी तिला दूध पाजून दाखवायला सांगितलं.